सांगून केलेले आवाज

बाय, आज तुझ्या घरात कुकर लावला आणि मोठी चूक केली. न सांगता लावला.

काल तुझं तेरावं झालं. इतके दिवस या घरात गॅस पेटला नव्हता. शेजारची हिराबाई आणि गल्लीतल्या बाया डबे आणून देत होत्या, तेच आल्यागेल्यांनी खाल्लं. काल दुपारच्या बसने शेवटचे पाहुणे गेले आणि आज सकाळी मुरबे गावातल्या या घरात मी आणि तुझा कुत्रा तांबू, दोघंच उरलो. म्हटलं, आता आपल्या हाताने काहीतरी शिजवावं. डाळ-तांदूळ धुतले, कुकर चढवला आणि बोईसरच्या घरी करते तशी झाडू घेऊन अंगणात गेले. तांबू उंबऱ्यात पडला होता. पहिली शिट्टी झाली तसा तो दाराच्या चौकटीला आपटून, पाण्याची कळशी लवंडून तुझ्या खाटेखाली घुसला. दुसऱ्या शिट्टीला मला आठवलं. धावत आत गेले, पण गॅस बंद करेपर्यंत तिसरीही होऊन गेली.

त्याला आता तीन तास झाले. भात निवून गेला. मी खाटेजवळ जमिनीवर बसले आहे आणि शाळेच्या पिशवीत सापडलेल्या कोऱ्या पानांवर तुला हे लिहिते आहे. त्याचं नाक तेवढं मला दिसतं. तो मधूनमधून जांभई देतो. आठ वर्षांपूर्वी मी म्हटलं असतं, झोप आली असेल. ती झोपेची जांभई नसते, कुत्रं आतून घाबरलं की अशी जांभई देतं, ओठ चाटतं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवतं, हे तू मला शिकवलंस. मी धाकटी, बीएड झालेली आणि तू थोरली, चौथी शिकलेली. तेव्हा मला ते शिकवणं आवडलं नव्हतं, हेही आज सांगून टाकते.

तू कुकर लावायच्या आधी त्याच्यासमोर जाऊन बसायचीस आणि तीन बोटं दाखवून सांगायचीस, "तांबू, तीन हां." तो उठून आपला आपण खाटेखाली जायचा. तिसरी शिट्टी झाली की तू हाक द्यायचीस, "झाल्या तीन." की हा शेपूट हलवत बाहेर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इतकी हसले की मला ठसका लागला. कुत्र्याला आकडे कळतात का गं, म्हणून तुझी किती टर उडवली. तू काही चिडली नाहीस. म्हणालीस, तुमच्या शाळेत घंटा झाल्याबिगर पोरं सोडता का तुमी? मग यालापण घंटा नको?

मिक्सरचं तर तू महिनाभर शिक्षण चालवलं होतंस. आधी चार दिवस नुसतं भांडं त्याच्यापुढे ठेवायचं आणि हुंगलं की सुक्या बोंबलाचा तुकडा द्यायचा. मग बटण क्षणभर दाबायचं आणि पुन्हा तुकडा. पुढे दोन क्षण. शेवटी शेवटी मिक्सर लागला की तांबू स्वतःहून ओट्याखाली येऊन बसायचा, बोंबलाच्या आशेने. पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात तू त्याला रिक्षाने घेऊन गेलीस, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही असंच काहीसं सांगितलं. आवाज हळूहळू वाढवा, रागावू नका, लपायला त्याची एक जागा ठेवा. परत आलीस ती अशी, जणू पदवी मिळाली. आठवडाभर गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस, डाक्टर पण माझ्यावानीच बोलला.

आपलं भांडण व्हायचं ते लाडांवरून. वीज कडाडली की तांबू मोरीत जाऊन फरशी उकरायचा आणि तू त्याच्याजवळ पाट घेऊन बसायचीस, पाठीवर हात ठेवून. मी म्हणायचे, असं कुरवाळलंस तर त्याची भीती वाढेल. मी तसं कुठेतरी वाचलं होतं. तू म्हणालीस, "लहान असताना तुला ताप यायचा, तवा आय कपाळावर हात ठेवायची. त्यानं ताप वाढला का गो तुजा?" पुढच्या रविवारी मी तोच मुद्दा पुन्हा काढला, कारण हरलेला वाद सोडून द्यायची मला सवय नाही.

लोक तुला वेडी म्हणायचे ते मी ऐकलं आहे. गल्लीत कुणाची हळद असली आणि दारात मोठाले स्पीकर उतरले, की तू स्टीलच्या डब्यात भात घ्यायचीस आणि तांबूला घेऊन किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत जाऊन बसायचीस, आवाज थांबेपर्यंत. कुत्र्यासाठी हळद सोडली म्हणून एका घराने वर्षभर तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण त्याच लोकांना खाडीत होडी शिरायच्या वेळी तांबू हवा असायचा. त्याचा डावा कान आधी उठायचा, मग तो स्वतः. आपल्याला वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही आणि हा मात्र गल्लीतली कुठली होडी येते आहे ते मशीनच्या आवाजावरून ओळखून त्या त्या घरासमोर जाऊन उभा राहायचा. हिराबाई ओट्यावरून विचारायची, "तांबू उठला काय गो?" तू हो म्हणालीस की ती टोपली उचलून बंदराकडे चालू लागायची. एकदाही तिची खेप फुकट गेली नाही, असं ती परवा सांगत होती आणि सांगता सांगता रडली.

इतके सगळे आवाज तू त्याच्या अंगवळणी पाडलेस. दोन मात्र तुला जमले नाहीत. एक पत्र्याच्या डब्याचा आणि दुसरा माझ्या बांगड्यांचा.

बाय, आता ते सांगते, जे आठ वर्षं सांगितलं नाही.

मासळी सुकवायच्या खळ्यावर मी तुझ्याबरोबर रविवारी बसायचे ते दिवस आठव. बांबूंवर बोंबील टांगलेले असायचे, जमिनीवर जवळा पसरलेला असायचा, आणि कावळे-कुत्री येऊ नयेत म्हणून दगड घातलेला पत्र्याचा डबा दोरीला बांधून ठेवलेला असायचा. दोरी ओढली की खडखडाट. भाऊजी गेल्यानंतरचं ते दुसरं वर्ष होतं आणि त्या खळ्यावर तुझं पोट होतं. त्या दिवशी तू जेवायला घरी गेलीस आणि मला राखणीला बसवलंस. एक तांबडं पिल्लू आलं. हाकललं तरी आलं, पुन्हा हाकललं तरी पुन्हा आलं आणि टोपलीतून तीन-चार बोंबील ओढून पळालं. तुझ्या राखणीत कधी एक बोंबील गेला नव्हता आणि माझ्या एका तासात हे. मला फार राग आला. आपल्याकडे बाया चोरट्या कुत्र्याला काय करतात ते लहानपणापासून पाहिलेलं होतं. मी बोंबील दाखवून त्याला जवळ बोलावलं, मांडीखाली दाबून धरलं आणि तो डबा दोरीसकट त्याच्या शेपटीला बांधला. माझ्या हातात तेव्हा डझनभर काचेच्या बांगड्या होत्या. गाठ मारताना त्या त्याच्या कानाशी वाजत होत्या.

सोडलं तसं ते पळालं. ते पळालं की डबा वाजायचा, आणि डबा वाजला की ते आणखी पळायचं. बंदरापर्यंत खडखडाट ऐकू येत होता. मी हसले, बाय. आजूबाजूच्या खळ्यांवरच्या बायाही हसल्या. संध्याकाळची बस पकडून मी बोईसरला गेले आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी आले तर ते पिल्लू तुझ्या मांडीवर होतं. दोन दिवसांनी तुला ते उलट्या होडीखाली सापडलं होतं, दोरी मागच्या पायात गुंतून मांसात रुतलेली. तू हळद भरत होतीस आणि रडत होतीस. मला बघून म्हणालीस, "ज्यानं ह्या मुक्या जिवाला डबा बांधला, त्याचे हात झडतील." मी माझे हात पदराखाली घेतले. सांगणार होते, पण त्या वाक्यानंतर नाही सांगू शकले. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत आठ वर्षं गेली.

तुझ्या तोंडून तो शाप मी पुन्हा कधी ऐकला नाही. मला वाटलं, विसरलीस.

त्याच्यासाठी तू खळ्यावरचा डबा काढून टाकलास. सगळ्या खळ्यांवर डबे वाजत आणि तू तेवढी उन्हात काठी घेऊन दिवसभर बसून राहायचीस. कावळ्यांनी तुझं किती नुकसान केलं ते मी बघत होते. तुझा चेहरा काळवंडला, गुडघे धरले. मी तुला छत्री आणून दिली. खरं सांगण्याऐवजी छत्री आणून दिली.

आणि तांबू माझ्याजवळ कधी आला नाही. मी बिस्किटं आणली, कलेजी आणली. मी स्थिर बसले की तो चार हातांवर यायचा, मान लांब करायचा आणि मी खाऊ द्यायला हात पुढे केला की मागे सरायचा. तू सगळं बघत असायचीस. माझ्या चपलांचा आवाज बघितलास, माझ्या साडीचा वास बघितलास, मला दाराऐवजी मागच्या पडवीतून यायला लावलंस. मी म्हणायचे, जाऊ दे, काही कुत्र्यांना काही माणसं आवडत नाहीत. तू त्याला थोपटत राहायचीस.

मग गेल्या श्रावणातला तो रविवार. मी भाजी निवडत होते, तांबू नेहमीसारखा लांब बसला होता. माझा हात हलला की त्याचे कान मागे जात होते. तू ओट्यावर पीठ मळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "बांगड्या काडून बस ना जरा त्याच्याजवळ. एकदाच बघ."

मी ते कसं घेतलं ते तुला माहीत आहे. सणावाराचे दिवस, नवऱ्याला महिन्याभरापूर्वी दवाखान्यातून घरी आणलेलं, आणि तू मला बांगड्या काढायला सांगतेस. पण खरी गोष्ट ती नव्हतीच. मला वाटलं, हिला कळलं. त्या भीतीने मी पिसाळले आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

"तुझ्या हातात राहिल्या नाहीत, म्हणून माझ्या काढायला सांगतेस?"

मी हे वाक्य तसंच्या तसं इथे लिहिते आहे, कारण ते माझं आहे आणि ते मला टाळता येणार नाही. तुझे पिठाचे हात थांबले. तू तुझ्या मनगटांकडे पाहिलंस, असं मला वाटतं. मग पुन्हा मळायला लागलीस. तू एक शब्द उलट बोलली असतीस तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित सगळं सांगितलंही असतं. तू फक्त म्हणालीस, पोळ्या गरम हायेत, जेवून जा. मी न जेवता निघाले. बसथांब्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

मग रविवार चुकवायला लागले. परीक्षा आहेत, पेपर तपासायचेत, यांची तब्येत. तू फोन करायचीस. शेवटचा फोन आला तेव्हा मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये होते. तुझा आवाज खोल गेलेला होता, दम लागत होता, आणि तरी मी विचारलं नाही की डॉक्टरकडे गेलीस का. तू म्हणालीस, "माझ्या मागं तांबूला कोन बघल गो?"

मी म्हटलं, बघतील कुणीतरी. घंटा झाली म्हणून फोन ठेवला. चौथ्या दिवशी हिराबाईचा फोन आला.

तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझ्या पायाशी बायांचा कोलाहल होता. टाळ-मृदंग आले, भजन सुरू झालं. एवढ्या आवाजात तांबू कुठेही पळाला नाही. तुझ्या डोक्याजवळ कान पाडून बसून राहिला, थरथरत, पण बसून. मला तेव्हा वाटलं की तू त्याला आधी सांगून ठेवलं असशील. वेड्यासारखा विचार, पण मला तसं वाटलं खरं.

दहाव्याच्या संध्याकाळी आम्ही बाया ओट्यावर बसलो होतो. तांबू अंगणात, माझ्यापासून चार हातांवर. हिराबाई माझ्या हातांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तिला माईत होतं गो." मी विचारलं, काय. म्हणाली, "डब्याचं. मी बाजूच्या खळ्यावरच होती ना त्या दिशी. ज्या आठवड्यात पिल्लू आनलं, त्याच आठवड्यात मीच सांगितलं तिला."

मी विचारलं, मग ती मला बोलली का नाही?

हिराबाई म्हणाली, "मी बी तेच बोलली तिला. तर मला शपथ घातलीन. बोलली, तिला कळू देऊ नको मला कळलंय ते. लाजंल आनि यायची बंद होईल. एक बईन हाय मला."

आठ वर्षं, बाय. आठ वर्षं तू माझं तोंड बघत होतीस, मला ताजी तारली तळून वाढत होतीस, माझी थट्टा सोसत होतीस आणि मनात ठेवून होतीस. शाप तू विसरली नव्हतीस, तू तो परत घेतला होतास. आणि बांगड्या काढ म्हणालीस ती मला पकडायला नव्हे. मला न विचारता, न सांगायला लावता, त्या जिवाशी माझा मेळ घालून द्यायची ती तुझी रीत होती. भांडं आधी नुसतं पुढे ठेवायचं, हुंगू द्यायचं, घाई करायची नाही. तू मलाही तांबूसारखंच शिकवत होतीस आणि मी चावले.

तू म्हणायचीस, तो आवाजाला भीत नाही, आवाज कधी येईल ते ठाऊक नसतं त्याला भितो. हे मी वर्गात मुलांना सांगितलं आहे, तुझं नाव न घेता, माझंच असल्यासारखं. माझ्या बाबतीत ते उलटं होतं. मला कोणता आवाज येणार ते ठाऊक होतं. तू एक दिवस विचारशील, त्या आवाजाची वाट बघत मी आठ वर्षं खाटेखाली बसले. आणि तू तो कधी होऊच दिला नाहीस.

माफी मागायला माणूस समोर लागतं. तू नाहीस. ज्याला डबा बांधला तो आहे.

आत्ता लिहिणं थांबवून यांना फोन केला. म्हटलं, मी हातातल्या बांगड्या काढणार आहे, रागावू नका. ते म्हणाले, "माझी तब्येत ठीक आहे ना पण?" मी रडता रडता हसले. सगळं सांगितलं, डब्यासकट. ते म्हणाले, काढ.

काचेच्या बांगड्या घट्ट झाल्या होत्या. साबण लावून एकेक काढली आणि आवाज होऊ नये म्हणून तुझ्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवली. मनगटावर पांढरे वळ राहिले आहेत. तुझी मनगटं मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिली नाहीत, आज स्वतःची पाहिली.

मग जमिनीवर आडवी झाले आणि खाटेखाली तोंड करून त्याला सांगितलं. मोठ्याने सांगितलं, मनात नाही. तांबू, तुला डबा मी बांधला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, झाल्या तीन. तुझ्यासारखं काही निघालं नाही तोंडातून. तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, झाल्या रे तीन. आता नाही वाजणार.

मी हात आत सरकवला. पहिल्यांदाच माझा हात त्याच्याकडे काही न वाजवता गेला. त्याने जांभई दिली. ओठ चाटले. मग पुढचे पाय थोडे ओढले, थांबला, पुन्हा ओढले. त्याचं ओलं नाक मनगटावरच्या वळापाशी आलं आणि तो खूप वेळ हुंगत राहिला. साबणाचा वास असेल. मग त्याने हनुवटी माझ्या तळहातावर ठेवली आणि सगळं वजन सोडून दिलं.

आता डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आहे. उजवा त्याच्या पाठीवर आहे. मागच्या पायावर दोरीचा व्रण अजून लागतो बोटाला.

शाळेची दोन वर्षं राहिली आहेत. मुरब्याहून सकाळची बस बोईसरला वेळेवर पोचते, मी विचारून ठेवलं आहे. हे निवृत्तच आहेत, त्यांना समुद्र जवळ असला तर बरंच. बांगड्या मी बसथांब्यावर घालीन आणि घरी येताना तिथेच काढून पिशवीत ठेवीन. गल्ली बोलेल. बोलू दे.

कोण बघेल म्हणून विचारलं होतंस, बाय. मी बघेन. तेव्हाच सांगायला हवं होतं. घंटा काय, ती रोजच होते.